पानावर एक, पडद्यावर एक

माझं काम नेमकं काय, हे आमच्या सासूबाईंना कधी कळलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "सून कॉम्पुटरवर लोकाइच्या दुकानाच्या पाट्या रंगवते." आधी मी चिडायचे. मग वाटलं, म्हातारी काही फार चुकीचं सांगत नाही. मेहकरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, शिवणक्लासच्या वरच्या खोलीत बसून मी वीसेक वर्षं लोकांच्या वेबसाइटी बनवल्या. मंगल कार्यालयं, कृषी केंद्रं, दोन शाळा, एक दातांचा डॉक्टर, आणि निवडणूक आली की कुणी ना कुणी भावी नगरसेवक. सुरुवातीला तालुक्यात हे काम करणारी मी एकटीच होते, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू द्यायचे नाही.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा असा निरोप आला, तेव्हा गमती माझ्याकडे भरपूर होत्या. त्यातल्या एकदोन सांगतेच. पण जिच्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट गमतीची नाही. ती सांगायची मला लाज वाटते, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं बोलून घेते. एवढं चालवून घ्या.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एक बाब समजावून द्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वेबसाइटचं पान आम्ही आधी मजकुरासारखं लिहितो. इथं मथळा, इथं चौकट, इथं बटन. लिहिताना प्रत्येक वस्तूला काही खुणा जोडतो. या चौकटीत सुरुवातीला 'मेहकर' लिहिलेलं असू दे, हा गोल आधीच निवडलेला असू दे, हे बटन बंद असू दे. या खुणांना अॅट्रिब्यूट म्हणतात. मग ब्राउझर, म्हणजे तुम्ही ज्यात वेबसाइट पाहता तो प्रोग्राम, ते लिखाण वाचतो आणि त्यावरून आपल्या आठवणीत त्या वस्तू खरोखर तयार करतो. तयार झालेल्या वस्तूजवळ तिची स्वतःची माहिती असते. तिला प्रॉपर्टी म्हणतात. सुरुवातीला दोन्ही सारख्याच असतात. पण तुम्ही चौकटीतलं 'मेहकर' खोडून 'डोणगाव' लिहिलंत, की प्रॉपर्टी बदलते आणि अॅट्रिब्यूट मात्र 'मेहकर'च राहतं. काही खुणा दोन्हीकडे एकदम बदलतात, काही बदलत नाहीत. कुठली कशी वागते हे पाठच करावं लागतं.

शेतकऱ्याच्या घरात हे समजावताना मला कधी त्रास झाला नाही. सातबाऱ्यावर पीक लागलेलं असतं कापूस, आणि शेतात जाऊन पाहावं तर तूर उभी. गट तोच, मालक तोच. सातबारा म्हणजे अॅट्रिब्यूट आणि शेत म्हणजे प्रॉपर्टी. आज काय उभं आहे हे पाहायचं तर बांधावर जावं लागतं.

त्यात आणखी गंमत अशी की काही खुणांची नावंसुद्धा बदलतात. पानावर लिहिताना जिला 'क्लास' म्हणायचं, तीच स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान हलतं-बोलतं करणाऱ्या हुकमांत, गेली की 'क्लासनेम' होते, कारण 'क्लास' हे नाव तिकडं आधीच दुसऱ्याला दिलेलं असतं. माझ्याकडं शिकायला यायच्या त्या मुलींना मी सांगायचे, माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, बाई मात्र तीच. मुलींच्या हे बरोबर लक्षात राहायचं.

हे सगळं मी स्वतः एका फजितीतून शिकले. नांदुऱ्याला एका मंगल कार्यालयाचे मालक होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांना घरबसल्या तारीख बुक करायची सोय हवी होती आणि पानाच्या चारही कडांनी हलणारे झेंडूचे हार हवे होते. हारांवरून आमचं आठ दिवस भांडण चाललं. शेवटी हार लागले, तारखा लागल्या, खाली बुकिंगचं बटन लागलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं बटन काऊन दबून नाही राह्यलं?"

"तुमचं नेट स्लो असेल," मी म्हणाले.

माझं पहिलं वाक्य नेहमी हेच असायचं. आधी समोरच्याचं नेट, मग समोरच्याचा कॉम्प्युटर, मग समोरच्याचं बोट. हे आत्ताच लक्षात ठेवा असं मुद्दाम सांगते, कारण माझा खरा दोष हाच आहे.

भाऊसाहेब खामगावला गाडी बदलून मेहकरला आले. जिना चढून वर आले, घाम पुसला, माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "तुमच्याच मशीनवर उघडा. आता दाबा." मी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "आता तुमचंबी नेट स्लो का?"

झालं असं होतं की बटन बंद नसावं म्हणून मी पानावर लिहिलं होतं, 'बंद: नाही'. पण ही खूण अशी आहे की तिच्यापुढं काय लिहिलंय ते ब्राउझर वाचतच नाही. 'बंद' हा शब्द दिसला की बटन बंद. स्क्रिप्टमधून त्याच वस्तूच्या प्रॉपर्टीला 'नाही' म्हटलं असतं तर बटन मुकाट्यानं उघडलं असतं. पानावर लिहिलेलं एक, चालू असलेलं दुसरं, हा धडा मी भाऊसाहेबांच्या समोर बसून शिकले. ते बटन उघडेपर्यंत उठले नाहीत. जाताना म्हणाले, "हार मात्र चांगले हालते तुमचे."

म्हणजे हा फरक मला माहीत होता. पुढं जे झालं ते अडाणीपणातून झालं अशी सबब मला सांगता येत नाही.

दुसरं गिऱ्हाईक इथलंच, एका कृषी केंद्राचं. तेव्हा बीटी कपाशीचा जोर होता. दुकानदाराला पाकिटांची चित्रं आणि वर मोठ्या अक्षरात एक ओळ हवी होती. त्यांना नेमकी सुचेना म्हणून मीच सुचवली: 'बोंडअळीची चिंता सोडा.' हिरव्या रंगात, चमकणारी. त्यांना ती इतकी आवडली की बिलाच्या पुस्तकावरही छापून घेतली. ज्या साली गुलाबी बोंडअळी आली, बोंडं बाहेरून टपोरी आणि फोडली की आत किडलेली सरकी असं घरोघर झालं, त्या साली त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "मॅडम, ते वळ काढून टाका." मी काढली. ओळ काढायला क्षणभर लागला, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

त्याच साली मला आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम मिळालं. शेतकऱ्यांच्या तक्रारी गोळा करून पाहणी पथकापर्यंत पोचवणारी एक संस्था होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण यात तिचा दोष नाही. कागदी अर्जांचे गठ्ठे साचत होते, म्हणून त्यांना वेबसाइटवरचा अर्ज हवा होता. गावोगावच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्यांनी तो शेतकऱ्यांसाठी भरायचा. नाव, गाव, गट नंबर, किती एकर, कोणतं बियाणं. आणि शेवटी एक प्रश्न: पीक शेतात उभं आहे का? त्याच्यापुढं दोन गोल, वर 'हो', खाली 'नाही'. या प्रश्नाला महत्त्व होतं. पथक फक्त उभं पीक पाहायला जायचं. उपटून टाकलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, त्यांना काय दिसणार? ज्याचा 'हो' त्याच्या शेतात पथक, ज्याचा 'नाही' त्याच्याकडं कुणी नाही, आणि पाहणीशिवाय भरपाईही नाही.

डोणगावला हे काम रशीदभाईंकडं होतं. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं छोटं सेंटर होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला टेकलेला बाक. वय पंचेचाळिशीचं, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. माझ्या सगळ्या सेंटरवाल्यांत काम करायची त्यांची रीत वेगळी होती. ते प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचत, समोरच्याच्या बोलीत पुन्हा सांगत, उत्तर दाबत, आणि मग कॉम्प्युटरचा पडदा चक्क शेतकऱ्याकडं फिरवत. "पाहा भाऊ, बराबर आहे ना?" मग पडदा परत आपल्याकडं. प्रत्येक अर्जाला असा पडदा फिरायचा. मी एकदा म्हटलं, "रशीदभाई, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही. कशाला एवढा वेळ घालवता?" ते म्हणाले, "मॅडम, वाचता नाही येत, पन पाहाचा हक तं आहे ना त्याइले."

चारपाच दिवस अर्ज नीट आले. मग सेंटरवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या की रांगा लागतात, दाबायचं फार आहे. मी आलेले अर्ज चाळले. बहुतेकांनी पऱ्हाटी उपटली होती, उत्तर 'नाही'. मी डोकं चालवलं. 'नाही' हा गोल आधीच निवडलेला ठेवला, म्हणजे तेवढंच एक बोट वाचेल. ज्याचं पीक उभं असेल तो 'हो' दाबेल. पान बदललं, आणि त्याच दुपारी घाईघाईत स्क्रिप्टचाही तो भाग नव्यानं लिहिला. संस्थेच्या साहेबांना फोन करून ही युक्ती ऐटीत सांगितलीही. त्यांनी शाबासकी दिली.

त्या स्क्रिप्टमध्ये मी काय लिहिलं ते ऐका. मला लिहायचं होतं, जो गोल आत्ता निवडलेला आहे तो शोध. मी लिहिलं, ज्या गोलावर 'निवडलेला' अशी खूण पानावर लिहिली आहे तो शोध. पहिलं म्हणजे प्रॉपर्टी विचारणं, दुसरं म्हणजे अॅट्रिब्यूट. आणि खूण तर मी 'नाही'वर लिहिलेली. माणूस 'हो' दाबायचा, पडद्यावर टिंब 'हो'वर यायचं, सगळ्यांना 'हो' दिसायचं, आणि संस्थेकडं 'नाही' जायचं. पावतीवर फक्त नाव, गाव आणि तक्रारीचा नंबर छापला जायचा, त्यामुळं कुणाला कळायला वावच नव्हता.

मी तपासलं होतं का? तपासलं होतं. एक अर्ज भरला, 'नाही' होता तसाच ठेवला, पाठवला, 'नाही' पोचला. झालं. एकदा 'हो' दाबून पाहिलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

डोणगावच्या कडेला कौसल्याबाईंचं शेत आहे. विधवा बाई. विहिरीवर वांगी-मिरची करायच्या आणि बाजारात स्वतः विकायला बसायच्या. त्या साली दोन एकर कपाशी होती, बीटीच, आणि ती अळीनं खाल्ली. रशीदभाईंनी त्यांचा अर्ज भरला. त्यानंतर कौसल्याबाई थांबल्या. पथक येणार म्हणून त्यांनी पऱ्हाटी उपटली नाही. शेजाऱ्यांनी उपटली, नांगरलं, विहिरीच्या पाण्यावर हरभरा पेरला. तुझ्या पऱ्हाटीतली अळी पुढच्या साली आमच्याकडं येईल म्हणून ते बडबडायला लागले. कौसल्याबाई म्हणायच्या, पथक येऊन जाऊ द्या. शेजारच्या हरभऱ्याला घाटे लागले तरी त्यांची पऱ्हाटी वाळून उभीच. पथक पलीकडच्या गावात येऊन गेलं, त्यांच्या बांधापर्यंत आलंच नाही.

तेव्हा एका दुपारी रशीदभाई त्यांना घेऊन मेहकरला माझ्याकडं आले. मी नंबर घातला, अर्ज उघडला.

"इथं 'नाही' लिहिलंय," मी म्हणाले. "पीक उभं नाही असं तुम्ही कळवलंय."

रशीदभाईंनी चष्मा लावून पडद्याजवळ तोंड नेलं. "नाही मॅडम. मले याद आहे ना. म्या 'हो' दाबलं, अन् या मावशीले स्क्रीन फिरवून दाखोलं."

"हाव," कौसल्याबाई म्हणाल्या. "म्या पाह्यलं. वरच्या गोलात टिंब आलतं."

मी त्यांच्याकडं वळले. आणि मी जे विचारलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

"तुम्हाला वाचता येतं का?"

"नाई येत."

"मग तो गोल 'हो'चा होता का 'नाही'चा, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी उत्तराची वाट पाहिली नाही. मी रशीदभाईंना म्हटलं, "कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं काही लिहीत नाही, रशीदभाई. जे दाबलं तेच येतं. गर्दीत तुमच्या हातून चुकलं असेल. होतं असं." वरून समजूतदारपणाही दाखवला. कौसल्याबाईंनी रशीदभाईंकडं पाहिलं. रशीदभाईंनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं असन मंग. मावशी, माह्यीच गलती असन." आणि दोघं जिना उतरून गेले.

मी तेवढ्यावर थांबले नाही. संस्थेला मेल लिहिला. 'डोणगाव केंद्रावर ऑपरेटरकडून चुकीची निवड झाल्याची तक्रार आली आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी.' दोन दिवसांत रशीदभाईंचं काम काढून घेतलं गेलं. डोणगावात कळायला कितीसा वेळ लागणार? कौसल्याबाई बाजारात बसणाऱ्या बाई, त्यांनी चार लोकांत बोलून दाखवलं. पऱ्हाटी उभी ठेवून थांबलेले आणखी काही जण होते, तेही बोलायला लागले. 'रशीदकडं जाऊ नको, तो हो चं नाही करते' असं लोक म्हणायचे. आधी शेतकऱ्यांचे अर्ज बंद झाले, मग शाळेचे, मग साधी झेरॉक्ससुद्धा. सेंटर बंद करून रशीदभाई भावाच्या भांड्यांच्या दुकानात बसायला लागले.

इथपर्यंत चूक होती. यानंतरचं चुकीत बसत नाही.

त्या मेलनंतर महिनाभरानं दुसऱ्या एका सेंटरवरच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, संस्थेत विचारलं, तर पहिल्या चारपाच दिवसांनंतरचा माझ्याकडचा एकही 'हो' पोचलेला नाही म्हणतात. असं कसं?" माझं तोंड उघडलंच होतं, तुमच्या हातून चुकलं असेल म्हणायला. पण ही बाई बी.एस्सी. झालेली होती, तिला वाचता येतं का असं विचारायची सोय नव्हती. फोन ठेवून मी अर्ज उघडला, 'हो' दाबलं, पाठवलं. संस्थेकडच्या यादीत पाहिलं. 'नाही'.

मी यादी वर सरकवत गेले. मी पान बदललं त्या दुपारच्या आधी 'हो' आणि 'नाही' मिसळलेले. त्यानंतर नुसते 'नाही'. मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले. खाली शिवणक्लासमध्ये मशिनी चालल्या होत्या, एक बाई कुणाला तरी बाहीचं माप समजावत होती. दुरुस्ती करायला मिनिटसुद्धा लागलं नाही. काय बदललं याची नोंद आम्ही प्रत्येक वेळी ठेवतो. त्या नोंदीत मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

आणि कुणाला सांगितलं नाही. पथकाचं काम तोवर संपलं होतं, आता सांगून कुणाची पऱ्हाटी परत उभी राहणार, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण रशीदभाईंचं नाव परत उभं राहिलं असतं, हेही मला त्याच वेळी कळत होतं. मी भित्री होते. तालुक्यातली एकटी वेबसाइटवाली बाई म्हणून जी ऐट होती ती जाईल, संस्थेचं काम जाईल, लोक हसतील, एवढीच भीती. त्या बी.एस्सी. बाईंना सांगितलं, "सर्व्हरचा प्रॉब्लेम होता, झालं आता नीट." पुढची कित्येक वर्षं डोणगावचं काम निघालं की मी काहीतरी कारण काढून टाळायचे.

यंदा खोली सोडली. हल्ली सगळे फोनवरच पानं बनवतात, माझी गरज उरली नाही. जुन्या कामांच्या नोंदी पुसत होते तेव्हा ती ओळ समोर आली. 'किरकोळ दुरुस्ती'. बाकीच्या सगळ्या पुसल्या, ती पुसता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं डोणगावला गेले.

रशीदभाई दुकानात कढयांना किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. केस पांढरे झालेले. मला ओळखून उठले, खुर्ची पुसली, चहा सांगायला निघाले. मी म्हटलं, "आधी ऐका," आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पानावरची खूण, मी कुठं पाहायला हवं होतं आणि कुठं पाहिलं, तो मेल, आणि नंतर गप्प बसले ते.

ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, आता चिडतील. चिडायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे म्या 'हो'च दाबलं होतं?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं. प्रत्येक वेळी."

ते मागच्या बाजूला वळून भावाला म्हणाले, "भाई, इधर आओ. मॅडम क्या बोल रहे, सुनो." भाऊ आले. रशीदभाई मला म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. भाऊ माझ्याकडं असे बघत होते की मला मान खाली घालावी लागली. रशीदभाई मात्र चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात तसाच धरून म्हणाले, "मॅडम, मले तं स्वतःवर यकीनच राह्यलं नाही तवापासून. घराले कुलूप लावतो अन् तीनदा वापस येऊन पाहातो. बायको हासते. ह्या चिठ्ठ्या बी मी एकटा नाही लावत, भाईले दाखोतो." मग त्यांनी चपला घातल्या. "चला. मावशीकडं जाऊ. माह्यानं सांगून उपेग नाही, तुमीच सांगा."

कौसल्याबाई अंगणात बाजारासाठी वांगी निवडत होत्या. मी सातबाऱ्याचं उदाहरण घेऊन समजवायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते राहू दे. चुकी कोनाची होती तेवढं सांग."

"माझी."

"रशीदची नाई?"

"अजिबात नाही."

त्यांनी हातातलं वांगं टोपलीत ठेवलं आणि रशीदभाईंकडं पाहिलं. "म्या तुले लय बोलली रे रशीद. भर बाजारात बोलली. मंग दोन सालानं म्हटलं, जाऊ दे, गरिबाच्या हातून चुकलं, माफ केलं. तेबी सांगत फिरली लोकाइले, का म्या रशीदले माफ केलं म्हनून. तुही चुकीच नोती, तं म्या माफी कायची केली?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्यांनी रशीदभाईंपुढं हात जोडले. रशीदभाईंनी ते धरून खाली केले. "राहू दे ना मावशी. तुमाले काय मालूम."

मी तिथंच उभी होते. जी माफी मी मागायची होती ती माझ्यासमोर ती बाई मागत होती, जिचं दोन एकर मी वाळवलं होतं. मीही हात जोडले. कौसल्याबाई माझ्याकडं वळल्या. रागावल्या नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाही.

"तुनं मले त्या दिवशी इचारलं होतं, वाचता येते का म्हनून. तुले येत होतं ना बाई?"

मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही पुन्हा माफी मागितली नाही, कारण त्यांची एक माफी माझ्यामुळं आधीच वाया गेली होती.

परत येताना रशीदभाई बस थांब्यापर्यंत सोडायला आले. मी त्यांना या अंकाबद्दल सांगितलं. म्हटलं, सगळं लिहिणार आहे, पण तुमचं नाव बदलते. ते थांबले. "बदलू नका. लोकाइनं काय नाव बदलून म्हटलं होतं? मेहकरात, डोणगावात, जिथं जिथं हे पुस्तक जाते तिथं माह्यं नाव घेऊन लिहा."

म्हणून त्यांचं नाव घेऊन लिहिते. डोणगावचे रशीदभाई त्या साली शेतकऱ्याला विचारून, तो सांगेल तेच दाबत होते, आणि पडदा फिरवून त्याला दाखवत होते. त्यांच्या हातून एकही अर्ज चुकला नाही. कौसल्याबाईंच्या अर्जात त्यांनी 'हो' दाबलं होतं. 'नाही' मी लिहिलं होतं.